सरकार धनी की विश्वस्त?



देवस्थानाच्या पंचाने देवाची इनाम जमीन परस्पर आपल्या सोयऱ्याच्या नावे करून दिली, तर आपण त्यास काय म्हणू? मग नदीचे पात्र, गावतळे, गायरान ही सर्वांची ठेव सरकारने एखाद्या धनिकाच्या पदरात टाकली, तर त्यास 'विकासाचे धोरण' म्हणून मुकाट्याने माना का डोलवाव्या?

अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या विधिमंडळाने १८६९ साली शिकागोसमोरील मिशिगन सरोवराचा विस्तीर्ण तळ एका रेल्वे कंपनीस बहाल केला आणि १८७३ साली तो मागे घेतला. वाद न्यायालयात गेला. १८९२ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, जनतेसाठी सांभाळलेली अशी ठेव देऊन टाकण्याचा अधिकार सरकारला नाही.

आपल्या देशात बियास नदीकाठची वनजमीन एका हॉटेल कंपनीस पट्ट्याने मिळाली. आपली इमारत वाचविण्यासाठी कंपनीने नदीचा प्रवाहच वळविला! १३ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो पट्टा रद्द केला, जमीन राज्याने परत घ्यावी असे फर्माविले आणि पर्यावरणाच्या हानीची भरपाई कंपनीच्या माथी मारली. त्याच निकालाने निसर्गसंपत्तीचे शासन हे विश्वस्त आणि जनता ही लाभधारक, हे तत्त्व भारतीय कायद्याचा भाग ठरले.

हे तत्त्व केवळ मोठ्या नद्यांपुरते नाही. पतियाळा जिल्ह्यात गावतळे बुजवून घरे उठली. अतिक्रमण करणाऱ्यांकडून जमिनीची किंमत घेऊन ते कायम करावे, असे तेथील अधिकाऱ्याने ठरविले. जानेवारी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते साफ नाकारले. गावकीच्या जमिनी मोकळ्या करून ग्रामसभेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या स्वाधीन करण्याची योजना आखा, असा आदेश सर्व राज्यांस दिला. भूमिहीनांस रीतसर दिलेल्या जमिनी आणि शाळा-दवाखान्यांसारख्या सोयी यांना तेवढा अपवाद ठेवला.

तेव्हा कायदा आपल्या बाजूस आहे. परंतु मिळकत कोणती हेच लाभधारकास ठाऊक नसेल, तर विश्वस्तास जाब कोण विचारणार? म्हणून आपल्या गावचा नकाशा मागा, उतारा काढा. कागदावर तळे किती गुंठ्यांचे आणि जागेवर किती उरले, हे स्वतः मोजा आणि तो हिशेब ग्रामसभेत मांडा. सरकारपुढे दयेची याचना करण्याचे कारण नाही. ठेव आपली आहे. तिचा हिशेब मागणे हा आपला हक्क आहे, आणि पुढच्या पिढीचे आपल्यावरील ते ऋणही आहे.