तलफ येते कुठून?

(मंडळाच्या गणेशोत्सवात बेळगुंदी येथे दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



हल्ली आपल्याकडची मुलं-मुली पदवीला मानसशास्त्र घेऊ लागली आहेत. घरच्यांना वाटतं, तिथं दुसऱ्याच्या मनातलं ओळखायला शिकवतात. प्रत्यक्षात सुरुवातीलाच 'वर्तनाचा जैविक पाया' हा भाग समोर येतो. त्यात मज्जापेशी, ग्रंथी, बेडकाची हृदयं. कला शाखेची पोरं गांगरतात. हा भाग शिकवताना मी पुस्तक थोडा वेळ मिटतो आणि निपाणीपासून सुरुवात करतो.

निपाणीची तंबाखू कुणाला सांगायला नको. 1981 साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी महामार्गावर बसले, ते याच पानाच्या भावासाठी. तंबाखूचं झाड निकोटिन मुळांत तयार करतं आणि पानांत साठवतं. कशासाठी? किडीनं पान खाऊ नये म्हणून. किडीच्या मज्जासंस्थेवर चालणारं ते विष आहे. शेतकरी शेंडा खुडतो तेव्हा झाड ती जखम समजतं आणि आणखी निकोटिन बनवतं. ओली पानं हाताळणाऱ्यांना कधी कधी गरगरतं, मळमळतं; तेही कातडीतून आत गेलेलं निकोटिनच.

मग किडीला मारणारी वस्तू माणसाला तरतरी कशी देते?

इथं बेडूक येतो. 1921 साली ओटो लोवी या शास्त्रज्ञानं ऑस्ट्रियात एक प्रयोग केला. त्याची कल्पना त्याला स्वप्नात सुचली होती. रात्री उठून कागदावर खरडली, सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना! दुसऱ्या रात्री पुन्हा तेच स्वप्न पडलं, तेव्हा तो तडक प्रयोगशाळेत गेला. बेडकाच्या धडधडत्या हृदयाच्या मज्जातंतूला त्यानं चेतना दिली, ठोके मंदावले. त्या हृदयाभोवतीचा द्राव घेऊन त्यानं दुसऱ्या हृदयावर सोडला. तेही मंदावलं. म्हणजे मज्जातंतूचा निरोप रसायनातून जातो. ते रसायन अ‍ॅसिटिलकोलिन. 1936 साली लोवीला हेन्री डेल यांच्यासह नोबेल मिळालं.

हे रसायन म्हणजे किल्ली धरली, तर पेशीवर तिची कुलपं असतात. त्यांतल्या काही कुलपांना निकोटिनची बनावट किल्लीही बसते. शास्त्रात त्या कुलपांचं नावच 'निकोटिनिक' पडलंय. विडीच्या धुरातून निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं. मळलेल्या तंबाखूला थोडा जास्त वेळ लागतो, पण आपल्या आज्या-पणज्यांनी त्यावर चुना शोधला होता. चुन्यामुळे निकोटिन तोंडाच्या आतल्या कातडीतून झपाट्यानं शोषलं जातं. हे रसायनशास्त्र चंचीत बाळगणारी माणसं आपल्या घराघरांत होती.

मेंदूत ही किल्ली फिरली की डोपामिन सुटतं. 1954 साली मॉंट्रियलमध्ये ओल्ड्स आणि मिल्नर यांनी उंदराच्या मेंदूत बारीक तार बसवली. खटका दाबला की मेंदूच्या ठराविक भागाला विजेचा सौम्य झटका मिळे. उंदीर खटका दाबतच राहिले. त्यापुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. वोल्फ्राम शुल्त्झ यांनी माकडांवर दाखवलं की, रस मिळणार अशी खूण एकदा शिकवली की डोपामिनच्या पेशी रस मिळताना नव्हे, तर खूण दिसतानाच पेटतात. आता चहाचा कप आठवा. एस.टी. स्टँड आठवा. शेजारच्यानं तळहातावर टाकलेली थाप आठवा. तलफ तंबाखूआधी येते, ती अशी.

शिवाय रोजच्या निकोटिनमुळे मेंदू कुलपांची संख्या वाढवतो. किल्ली मिळाली नाही की ही रिकामी कुलपं कुरकुर करतात: चिडचिड, झोप न लागणं, कामात लक्ष नसणं. आपण घरात काय म्हणतो? "ह्याच्या मनातच नाही!" असं म्हणणाऱ्यांनी चहाविना एक सकाळ काढून पाहावी.

पुरुषांना निदान बोलणी तरी बसतात. बायकांची मशेरी कुणाच्या लेखी व्यसनच नाही. पहाटे चुलीपुढं बसून हिरड्यांना मशेरी लावणारी बाई "दात घासते" म्हणते, आणि दिवसातून चार वेळा घासते. गरोदरपणातही. निकोटिन वारेतून बाळापर्यंत पोचतं, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. आरोग्य केंद्रात "तंबाखू खाता का?" असं विचारलं, तर ती खरंच "नाही" म्हणेल. "मशेरी लावता का?" असं विचारायला हवं. सुना-लेकींनी हा प्रश्न घरात विचारावा, रागावून नव्हे.

विद्यार्थी विचारतात, "सर, मग माणूस म्हणजे यंत्रच की!" मी त्यांना शुल्त्झच्या माकडांकडे परत नेतो. माकडं खूण शिकली, आणि खुणेनंतर रस आला नाही तर त्या पेशी थंडावतात. शिकणं जैविक आहे, तसं नवं शिकून जुन्याची पकड सैल करणंही जैविकच. चहाची जागा बदलणं, चंची घराबाहेर ठेवणं, तलफ आली की काही मिनिटं हाताला दुसरं काम देणं, हे उपाय किरकोळ वाटतात, पण ते नेमके खुणेवर काम करतात.

आता जे गणपतीचे दिवस तंबाखू बंद ठेवतात त्यांच्यासाठी थोडं. सोडल्यावरचा त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत जास्त असतो. मग तो उतरत जातो, आणि बहुतेकांचा दोन ते चार आठवड्यांत बराच निवळतो. म्हणजे अनंत चतुर्दशीला तुम्ही अवघड चढ पार केलेला असतो. आणि नेमकं विसर्जनाच्या मिरवणुकीत मित्र तळहात पुढं करतो! त्या रात्रीची तयारी आधीपासून ठेवा. मदत लागली तर 1800-11-2356 हा सरकारचा तंबाखूमुक्तीचा क्रमांक आहे, फोन फुकट लागतो. मी लिहून फलकाशेजारी लावला आहे, जाताना उतरून घ्या.