उडावं की थांबावं?

पावसाळा सरला की कामशेतजवळच्या शिंदेवाडीच्या डोंगरावर पॅराग्लायडिंगचा हंगाम सुरू होतो. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी सरळ हलत असते, तरी एखादा जुना पायलट म्हणतो, "जरा थांबू या. मन घेत नाही." का, ते त्याला चटकन सांगता येत नाही.

पण कारण असतं. तापलेल्या कातळावरून, नांगरलेल्या रानावरून गरम हवा वर चढते. उतारावरचं गवत एकाएकी उलटं लवतं, घार गिरक्या घेत झपकन वर जाते. हे त्याच्या डोळ्यांनी आधीच टिपलेलं असतं.

असा आतला कौल आगीशी झुंजणाऱ्यांनाही मिळतो. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी अग्निशमन अधिकाऱ्यांचा अभ्यास केला. एकानं पेटत्या घरातून आपली माणसं अचानक बाहेर काढली, आणि लगेच जमीन खचली. आग खाली तळघरात होती. खोली फार तापलेली, पण आगीचा आवाज कमी. तेवढंच त्याला खटकलं होतं. २००९ मध्ये क्लाइन आणि मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनमन यांनी मिळून लिहिलं, की असा कौल भरवशाचा ठरायला परिस्थितीत काही नियमितपणा हवा आणि आपलं काय चुकलं, काय जमलं हे वर्षानुवर्षं कळत राहायला हवं.

नवशिक्याजवळ हा अनुभव नसतो. त्यानं वाऱ्याचा वेग मोजावा, प्रशिक्षकाचं ऐकावं. आतून 'नको' आलं तर मात्र, माझ्या मते, जरूर थांबावं. जाईल ती एक दुपार. तेवढ्या वेळात जुन्या पायलटला विचारावं, "तुम्ही आत्ता काय पाहिलंत?"