शाखामार्गाची मोजणी आणि नोंदवही
(भाषणाचा मजकूर)



मुदखेडहून निघून भोकर, हिमायतनगर व किनवटमार्गे आदिलाबादेस पोचणारा लोहमार्ग तलमडुगुच्या परिसरास परिचित आहे. हैदराबाद संस्थानात रेल्वेचा आरंभ १८७४ साली वाडी-सिकंदराबाद मार्गाने झाला. पुढे मनमाड-सिकंदराबाद हा मीटरगेज मार्ग झाला आणि मुदखेडची शाखा त्यास जोडली गेली. गाडी सर्वांस दिसते; परंतु तिच्या आधी चाललेली मोजणीची साखळी आणि तिच्यामागे राहिलेली नोंदवही सहसा कोणाच्या दृष्टीस पडत नाही.

अशा मार्गांची मोजणी तीन टप्प्यांत होत असे. प्रथम सर्व मुलूख फिरून पाहिला जाई. नंतर प्राथमिक मोजणीत साखळीने अंतर, थिओडोलाइटने कोन व पातळीयंत्राने चढउतार घेतले जात. अखेरीस ठरलेल्या रेषेवर खुंट्या ठोकून नकाशा व उभा छेद तयार होई. शाखामार्गाचे उत्पन्न बेताचेच असल्यामुळे टेकडी फोडण्यापेक्षा तिला वळसा घालणे पसंत केले जाई.

नाल्यावरील पुलाचा प्रश्न मात्र केवळ यंत्राने सुटत नसे. यंत्र त्या दिवसाची पातळी सांगे. मोठ्या पुराची पातळी गावातील वृद्धांनाच ठाऊक असे. त्यांनी दाखविलेली देवळाची पायरी वा झाडाचे खोड मोजून ती खूण कागदावर घेतली जाई. या माहितीत हातभर चूक झाली, तर पूल तोकडा पडून भराव वाहून जाण्याचे भय असे.

मार्ग बांधून होताच नोंदीचे काम सुरू होई. प्रत्येक पुलास क्रमांक, दर मैलास दगड, तारेच्या खांबांना अनुक्रम, चढउतार बदलेल तेथे पाटी आणि रेल्वेच्या जमिनीच्या हद्दीवर दगड अशी व्यवस्था असे. पूल, वळणे, फाटके व जमीन यांच्या नोंदी ठेवल्या जात. रुळाच्या अंगावरच कारखान्याचे नाव, वजनाचे माप व वर्ष उठविलेले असे. त्यामुळे अमुक मैल, अमुक खांब एवढा निरोप मिळताच दुरुस्तीची टोळी नेमक्या जागी पोचू शके.

तथापि वही एकदा लिहून भागत नाही. कीमन दररोज आपला टापू पायी चालून सैल किल्ल्या ठोकतो. निरीक्षक ट्रॉलीवरून मार्ग तपासतो. या चालण्यामुळेच वही खरी राहते. १९५६ साली किनवट तालुका आदिलाबाद जिल्ह्यातून नांदेड जिल्ह्यात गेला, मैलांच्या जागी किलोमीटर आले, एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मीटरगेजचे ब्रॉडगेज झाले. परंतु मोजावे, क्रमांक द्यावा आणि पुनःपुन्हा जाऊन पाहावे, ही रीत बदलली नाही.

गावानेही हीच रीत स्वीकारणे हिताचे आहे. विहिरी, बांध, मोऱ्या व पाणंद रस्ते यांना क्रमांक देऊन ग्रामपंचायतीत एक वही ठेवावी. शिक्षकांनी विद्यार्थ्यांसह अंतरे मोजावीत आणि दर पावसाळ्यापूर्वी प्रत्येक जागी जाऊन वही पडताळावी. सर्वांत आधी मोठ्या पुराची खूण वृद्धांकडून विचारून घ्यावी, ती भिंतीवर तांबड्या रेघेने आखावी व वर्षासह वहीत उतरवावी. जाणती माणसे निघून गेल्यावर ती पातळी सांगणारे कोणी उरणार नाही.