लग्नाचें वचन आणि आजाऱ्याचा कैवार

(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त भरलेल्या विवाहितांच्या सभेंत दिलेलें भाषण)



ज्युबिलीच्या ह्या मंगल दिवसांत आपण देवळाच्या भिंती रंगविल्या, घंटा उजळली आणि जुनीं दप्तरें पुन्हां उघडलीं. त्या दप्तरांत विवाहांची एक वही आहे. तींत नांवें आहेत, तारखा आहेत, साक्षीदारांच्या सह्या आहेत. परंतु प्रत्येक ओळीमागें जें वचन उभें आहे, तें कागदावर लिहिलेलें नाहीं; तें वेदीपुढें मुखानें उच्चारलेलें आहे. आरोग्यांत व आजारांत एकमेकांस अंतर देणार नाहीं, असा त्याचा आशय आहे. त्यांतील 'आजारांत' ह्या एकाच शब्दाविषयीं बोलण्याची मला आज्ञा झाली आहे.

आजारांत सोबत करणें म्हणजे काय, असें विचारलें तर आपल्यांपैकीं बहुतेक दोन गोष्टी सांगतील : सेवा आणि प्रार्थना. दोन्ही खऱ्या व दोन्ही आवश्यक. परंतु तिसरीहि एक गोष्ट आहे, आणि तिचा आपण क्वचितच उच्चार करितों. ती म्हणजे कैवार. जो अंथरुणाला खिळला आहे, ज्याला वेदनेमुळें धड बोलतां येत नाहीं, त्याच्या वतीनें बोलणें, विचारणें, मागणें आणि न मिळाल्यास पुन्हां मागणें, ह्याला मी कैवार म्हणतों. माझें म्हणणें एवढेंच कीं, हा कैवार लग्नाच्या वचनाबाहेरचा नाहीं. तो त्या वचनाचाच भाग आहे.

योहानाच्या शुभवर्तमानांत बेथेस्दा तळ्याकांठच्या एका रोग्याची हकीकत आहे. तो ३८ वर्षें आजारी होता. बरें होण्याची इच्छा आहे काय, असें प्रभूनें विचारलें, तेव्हां त्यानें रोगाचें गाऱ्हाणें केलें नाहीं. पाणी हालतांच आपणांस तळ्यांत सोडील असें कोणी माणूस नाहीं, हें गाऱ्हाणें केलें. पाणी जवळ होतें, माणूस नव्हता. उलट, मार्काच्या शुभवर्तमानांतील पक्षाघाती मनुष्याचे चौघे वाहक पाहा. दारांत दाटी झाली म्हणून ते परत फिरले नाहींत. त्यांनीं छप्पर उसकटलें. प्रभूनें त्यांस उर्मट म्हटलें नाहीं. त्यांचा विश्वास पाहिला. आजच्या रुग्णालयांत उपाय पुष्कळ आहेत, पण दाटीहि पुष्कळ आहे. तेथें पतीनें पत्नीचें आणि पत्नीनें पतीचें 'माणूस' व्हावयाचें आहे.

कोणी म्हणेल, डॉक्टरांस प्रश्न विचारणें हा उद्धटपणा आहे, आणि आजार ही देवाची इच्छा असल्यामुळें ती मुकाट्यानें सोसावी. परंतु बेन सिराच्या ग्रंथाच्या ३८ व्या अध्यायांत वैद्याचा मान राखण्यास सांगितलें आहे, आणि औषधें देवानेंच भूमींतून उत्पन्न केलीं, असेंहि सांगितलें आहे. तेव्हां औषध मागणें हा देवाच्या इच्छेशीं झगडा नव्हे. शिवाय 'कैवारी' हा शब्द आपल्या मराठी शास्त्रांत खुद्द पवित्र आत्म्याला लाविलेला आहे. जें नांव पवित्र आत्म्यास शोभतें, त्या नांवाचें काम ख्रिस्ती गृहस्थास कमीपणाचें कसें ठरेल ?

मात्र कैवार म्हणजे आरडाओरड नव्हे. शिवीगाळीनें व तोडफोडीनें कोणाचाहि रोगी बरा होत नाहीं. उलट, रात्रंदिवस राबणारे डॉक्टर व परिचारिका दुरावतात. कैवाराचें पहिलें साधन एक साधी वही आहे. ताप किती, वेदना केव्हां, औषध कोणतें व कधीं दिलें, डॉक्टर काय म्हणाले, हें तींत तारीखवार लिहावें. रोग कोणता, उपचार कोणते आणि उपचार न केल्यास काय होईल, हे प्रश्न आदल्या रात्रींच लिहून ठेवावे. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणें रोग्यानें किंवा त्याच्या अधिकृत माणसानें मागणी केल्यास ७२ तासांच्या आंत त्याचीं कागदपत्रें द्यावयाचीं असतात. अर्ज लेखी करावा व त्याची पोंच घ्यावी. दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घेणें हा पहिल्यांचा अपमान नव्हे.

पैशाच्या भीतीनेंहि पुष्कळ घरांत उपचार थांबतात. म्हणून ह्या गोष्टी जाणून असाव्या. मुंबई उच्च न्यायालयानें २००६ सालीं मंजूर केलेल्या योजनेप्रमाणें महाराष्ट्रांतील मोठ्या धर्मादाय रुग्णालयांनीं १० टक्के खाटा निर्धन रोग्यांस मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांस सवलतीच्या दरानें राखून ठेवावयाच्या आहेत. त्याकरितां रुग्णालयांतील समाजसेवकांस भेटावें. दाद न लागल्यास धर्मादाय आयुक्तांच्या कचेरींत जावें. तसेंच २०१२ सालीं राजीव गांधींच्या नांवानें सुरू झालेली व २०१७ पासून महात्मा जोतिबा फुले यांचें नांव धारण करणारी जन आरोग्य योजना आहे. तिच्या रुग्णालयांत 'आरोग्यमित्र' बसतो, त्याला आधीं गांठावें. शिधापत्रिका व उत्पन्नाचा दाखला आजार येण्यापूर्वींच तयार ठेवावा. आणि जिवावरच्या प्रसंगीं कायद्याच्या उपचारांत वेळ न दवडतां प्राण वांचविण्यास झटणें हें प्रत्येक डॉक्टराचें कर्तव्य आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १९८९ सालींच दिला आहे.

येथें पुरुषांस एक गोष्ट स्पष्ट सांगतों. नवरा आजारी पडला कीं सारें घर हालतें. बायको आजारी पडली कीं ती 'कांहीं नाहीं' म्हणते आणि स्वयंपाकाला लागते. तिचें 'कांहीं नाहीं' हें उत्तर मानून स्वस्थ बसणें म्हणजे वचन पाळणें नव्हे.

आतां वेदनेविषयीं. माझ्या पत्नीचा कर्करोग हाडांत उतरल्यावर, करण्यासारखें कांहीं उरलें नाहीं, घरीं न्या, असें आम्हांस सांगण्यांत आलें. रोग बरा करण्यापुरतें तें खरें होतें. पण ती रात्रभर कण्हत होती. मीं विचारलें, "रोगावर उपाय नाहीं, तर वेदनेवरहि नाहीं काय ?" उत्तर मिळालें नाहीं. दुसऱ्या दिवशीं तेंच पुन्हां विचारलें. तिनें माझा हात धरला व म्हणाली, "माझ्यापायीं कोणाशीं वाईट होऊं नका." मी म्हणालों, "वाईट होत नाहीं. फक्त येथून हालत नाहीं." तिसऱ्या दिवशीं कागदपत्रें हातीं आलीं, तीं घेऊन वेदनाशमनाचें शास्त्र जाणणाऱ्या डॉक्टरांकडे गेलों. ठराविक वेळीं व ठराविक मात्रेनें मॉर्फिनच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या आठवड्यांत ती सलग झोंपली, मुलांशीं बोलली, आपली जपमाळ आपण म्हणाली. ती वांचली नाहीं. परंतु तिचे शेवटचे अडीच महिने तिचे स्वतःचे होते.

असें औषध घेणें पाप आहे, अशी धास्ती पुष्कळांस वाटते. तीव्र वेदना शमविण्यास दुसरा मार्ग नसेल तर, आणि रोग्याचीं इतर धर्मकर्तव्यें त्यामुळें अडत नसतील तर, असें औषध देण्यास हरकत नाहीं, मग त्यानें गुंगी आली वा आयुष्य किंचित् घटलें तरी, असें पोप बारावे पायस यांनीं १९५७ सालींच सांगितलें आहे. २०१४ सालीं कायद्यांत दुरुस्ती होऊन हीं औषधें रोग्यांस मिळण्याची वाट सुकर करण्यांत आली. मुंबईंत वांद्रें येथें १९८६ पासून शांती अवेदना सदन असाध्य कर्करोग्यांची सेवा करीत आहे. भारतांतील अशा तऱ्हेचें तें पहिलें सदन होय. जेथें रोग बरा होत नाहीं, तेथेंहि माणसाची काळजी घेणें संपत नाहीं.

ह्याच कैवारांत धर्मगुरूंस वेळेवर बोलावणेंहि येतें. पवित्र तेलाचा संस्कार केवळ अखेरच्या श्वासाकरितां आहे, ही समजूत अजून मावळली नाहीं. व्हॅटिकनच्या दुसऱ्या विश्वसभेनंतर १९७२ सालीं पोप सहावे पॉल यांनीं ह्या संस्काराचा नवा विधि घालून दिला. त्यांत तो गंभीर आजाऱ्यांचा संस्कार म्हणूनच सांगितला आहे. रोग्याला शुद्ध आहे, 'आमेन' म्हणण्याचें बळ आहे, तोंवरच फादरांस निरोप धाडावा.

शेवटीं माझें मागणें धर्मग्रामाकडे आहे. पक्षाघाती मनुष्याला वाहणारे चौघे होते. एकट्यानें खाट उचलत नाहीं. आजाऱ्याजवळ बसून बसून ज्याची पाठ मोडली, त्याला सहानुभूतीपेक्षां दोन तासांची उसंत अधिक हवी असते. रविवारच्या मिस्साच्या वेळीं एखादी शेजारीण रोग्यापाशीं बसली, तर त्या घरची गृहिणी कित्येक महिन्यांनीं देवळांत येऊं शकेल. कचेरीचे कागद जाणणाऱ्या तरुणांनीं अर्ज लिहून द्यावे, कोणी सोबत म्हणून रुग्णालयांत जावें. ज्युबिलीची कमान चार दिवसांनीं उतरेल. हें काम मात्र मागें राहावें.

विवाहाच्या वहींत ज्यांचीं नांवें आहेत आणि पुढें ज्यांचीं येतील, त्या सर्वांस प्रभु येशू ख्रिस्त आजारांत धीर, वाणींत सौम्यता आणि मागण्यांत चिकाटी देवो. आणि ह्या धर्मग्रामांतील कोणाहि रोग्यावर, आपणांस माणूस नाहीं, असें म्हणण्याची पाळी न येवो. आमेन.