आच बेताची, सांधा पक्का



आपली दिघी आळंदीच्या वाटेवर आहे. वारीत माउलींची पालखी इथूनच पुण्याकडे जाते. पलीकडे भोसरीचे कारखाने आहेत. १९९७ साली दिघी पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेली. आज इथली पुष्कळ माणसे भोसरीला आणि चाकणला कामाला जातात. म्हणून आज कारखान्यातल्याच एका कामाबद्दल बोलू. ते काम म्हणजे डाख देणे. कारखान्यात त्याला सोल्डरिंग म्हणतात.

मोटरसायकलीचा मीटर घ्या, नाहीतर घरातला टीव्ही घ्या. त्याच्या पोटात एक पातळ पाटी असते. तिला बोर्ड म्हणतात. बोर्डावर बारीक बारीक पार्ट बसवलेले असतात. प्रत्येक पार्टाचा पाय डाखाने जोडलेला असतो. मोठ्या कारखान्यात पुष्कळ सांधे यंत्रच देते. पण दुरुस्तीचे काम, जाड वायरी आणि मोठे पार्ट यांना अजून माणसाचा हात लागतो. शंभर सांधे चांगले दिले आणि एक कच्चा राहिला, तर? गाडी खड्ड्यांतून हादरते. कच्चा सांधा तडकतो. रात्रीच्या वेळी घाटात दिवा गेला, तर जीवाशी गाठ पडते.

मग सांधा पक्का कसा होतो? कल्हईवाला आठवा. तो भात्याने आच करी. भांडे नीट तापले की नवसागर आणि कथील लावी आणि बोळ्याने फिरवी. भांडे कमी तापले तर कथील धरत नसे. फार तापले तर भांडे काळे पडे. नवसागर भांड्याचा मळ काढी, म्हणून कथील चिकटे.

सोल्डरिंगचे मर्म तेच आहे. डाखाच्या तारेत कथील असते आणि तिच्या पोटात राळ असते. इथे नवसागराचे काम राळ करते. बोर्डाला नवसागर कधी लावू नये. तो तांबे खातो.

आता एक गंमत ऐका. पाणी १०० अंशांना उकळते. कथील २३२ अंशांना वितळते आणि शिसे ३२७ अंशांना. पण ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसे एकत्र केले, की ते १८३ अंशांनाच वितळते! म्हणून हा डाख पूर्वीपासून चालत आला. पण शिसे विषारी आहे. युरोपात १ जुलै २००६ पासून इलेक्ट्रॉनिक मालातल्या शिशावर निर्बंध आले. पुढे आपल्या देशातही तसे नियम झाले. बिनशिशाच्या डाखात कथील, थोडी चांदी आणि किंचित तांबे असते. तो सुमारे २१७ ते २२० अंशांना वितळतो. त्याला आच जास्त लागते.

साधा सोल्डरिंग आयर्न प्लगला लावला की तापतच राहतो. रिकामा पडला तर ४०० अंशांवरही जातो. जाड वायरीला टेकवला तर थंड पडतो. आच आपल्या हाती राहत नाही. ही अडचण सोल्डरिंग स्टेशनने दूर केली. स्टेशन म्हणजे एक डबा, त्याला जोडलेली मूठ आणि मुठीला तापणारे टोक. टोकाजवळ आच मोजणारा बारीक भाग असतो. भाकरी करणारी बाई तव्यावर नजर ठेवते. तवा निवला तर जाळ पुढे सारते, फार तापला तर मागे ओढते. स्टेशन तसेच करते. आपण आकडा लावायचा. टोक निवले की डबा वीज वाढवतो, तापले की कमी करतो.

आकडा किती लावावा? शिशाच्या डाखाला साधारण ३२० ते ३५० अंश. बिनशिशाच्या डाखाला ३५० ते ३७० अंश. काम लवकर उरकावे म्हणून आकडा वाढवू नका. राळ जळते, टोक काळे पडते आणि बोर्डावरची तांब्याची पट्टी सुटून येते.

आता कृती पाहा.

१. टोक ओल्या स्पंजावर पुसा. त्याला थोडा डाख लावा.
२. टोक पट्टीला आणि पार्टाच्या पायाला एकदम टेकवा.
३. डाखाची तार सांध्याला लावा, टोकाला लावू नका.
४. डाख पसरला की आधी तार काढा, मग टोक काढा. हे सारे दोन-तीन सेकंदांत व्हावे.
५. सांधा निवेपर्यंत हलवू नका. फुंकर मारू नका.

चांगला सांधा पायाच्या बुंध्याशी उतरत पसरतो. नुसती गोळी होऊन बसला, तर तो कच्चा समजा. शिशाचा सांधा चकाकतो. बिनशिशाचा थोडा मळकट दिसतो, त्याला भिऊ नका. काम संपले की टोकाला डाख लावून मगच स्टेशन बंद करा. टोक पुष्कळ दिवस टिकते.

आता जीव सांभाळण्याची गोष्ट. धूर दिसतो तो राळेचा. त्याने दमा जडू शकतो. म्हणून तोंड बाजूला ठेवा. धूर ओढणारा पंखा मालकाकडे मागा. तो मागण्यात संकोच कसला? शिसे मात्र हातावरून पोटात जाते. कामावरच्या हाताने तंबाखू मळू नका, विडी ओढू नका, डबा उघडू नका. आधी साबणाने हात धुवा. घरी आल्यावर कपडे बदला, मग लेकराला उचला. शिशाने लहान मुलांच्या बुद्धीला इजा होते. पोटुशी बाईने तर फारच जपावे.

प्लग तीन पिनांचाच लावा आणि अर्थिंग तपासून घ्या. चटका बसला तर हळद, शाई, टूथपेस्ट लावू नका. वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली हात धरा. भाजणे मोठे असेल तर डॉक्टरांकडे जा.

मंडळी, हे काम फार शक्तीचे नाही. स्थिर हात आणि चांगली नजर हवी. आमच्या भगिनी ते उत्तम करतात. स्टेशनवरचा आकडा आता तुम्हांला वाचता येतो. उद्या कामावर गेलात, की आधी तो वाचा आणि मगच टोक हाती घ्या.