फेरात शिरताना





कृष्णद्रव्याची चर्चा सूर्यमाळला, मोखाड्याच्या डोंगरात कशाला, असं काहींनी विचारलं. एक तर पौषी अमावास्येच्या तोंडावर इथं उतरणारा काळोख मुंबईत मिळत नाही. आणि दुसरं, आमचा फेर.

तारपा घुमू लागला की कमरेला हात घालून आम्ही फेर धरतो. चाल वाढली की कडेच्या गड्याला घट्ट धरावं लागतं, नाहीतर तो फेकला जातो. आकाशातही असंच. खगोलशास्त्रज्ञ व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी १९७० मध्ये देवयानी दीर्घिकेतल्या वायुमेघांचे वेग मोजले. कडेचे मेघही चांगलेच वेगात होते. दिसणाऱ्या ताऱ्यांच्या ओढीनं ते धरून राहिले नसते; त्यांना धरून ठेवणारं न दिसणारं काही आहे, तेच कृष्णद्रव्य, हे पुढे उमगत गेलं. आपल्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेनाही हायड्रोजनच्या लहरी टिपून दीर्घिकांचं फिरणं मोजतात.

आजचा प्रश्न त्यापुढचा, आणि मला तो फार मोलाचा वाटतो: कृष्णद्रव्याचे हे न दिसणारे कण एकमेकांना धरतात का? कण जड असतील, संथ असतील आणि त्यांच्यातली ओढ पुरेशी लांबवर पोचत असेल, तर धरू शकतात. पण धावत आलेल्या गड्याला फेरात शिरण्याआधी वेग टाकावा लागतो. तसंच दोन कण एखादा हलका कण बाहेर टाकून जादा ऊर्जा सोडतात, तेव्हा त्यांची जोडी जमते. हीच बद्ध अवस्था. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनची अशी जोडी, पॉझिट्रॉनियम, मार्टिन डॉइच यांना १९५१ मध्ये प्रयोगशाळेत सापडली. तिचा जास्त टिकणारा प्रकारही सेकंदाच्या सुमारे सत्तर लाखाव्या भागात संपतो.

कृष्णद्रव्याच्याही जोड्या अशा जमून संपत असतील, तर विश्वाच्या बालपणी कण अधिक झपाट्यानं घटले असणार. तरी आज साध्या द्रव्याच्या सुमारे पाचपट कृष्णद्रव्य शिल्लक आहे. हा हिशेब जुळवायला कण आधीच्या अंदाजाहून जड धरावा लागतो, काही सिद्धांतांत तर प्रोटॉनच्या हजारो पट! आमची पोरं हे ऐकायला पहाटे चालत निघाली आहेत. संशोधकांनो, त्यांच्या प्रश्नांना वेळ द्या, ही हात जोडून विनंती.

रात्री नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी आहे. आठ वाजता मंडपातले दिवे मालवू. घोंगडी घेऊन माळावर या. वायव्येला देवयानीचा पुसट ठिपका नुसत्या डोळ्यांनी दिसेल.