गालाची सूज आणि किडकी दाढ

सकाळी उठावे तो एक गाल फुगलेला, असा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांना असेल. मग कोणी लेप उगाळतो, कोणी वीट तापवून शेक देतो, कोणी दाढेत लवंगेच्या तेलाचा बोळा धरतो. लवंगेने ठणका घटकाभर कमी होतो हे खरे, पण रोग जागच्या जागी राहतो.

ही सूज बहुधा किडक्या दाढेतून येते. कीड दाढेच्या आतल्या मऊ गाभ्यापर्यंत पोचली की गाभा मरतो आणि मुळाशी पू साचतो. पुवाला वाट हवी असते. हिरडीवर पुळी होऊन तो वाहून गेला, तर ती त्यातल्या त्यात बरी वाट. पण खालच्या जबड्यातल्या शेवटच्या दाढांची मुळे फार खोल गेलेली असतात. तेथला पू हनुवटीखाली, गळ्याकडे उतरतो. दोन्ही बाजूंना लाकडासारखी कठीण सूज येते, जीभ वर उचलली जाते आणि श्वास कोंडतो. लुडविग नावाच्या जर्मन डॉक्टराने १८३६ साली या रोगाचे वर्णन केले. पेनिसिलिन येण्यापूर्वी यातले निम्म्याहून अधिक रोगी दगावत. दाढेने कुठे माणूस मरतो का, असे म्हणणारे असतात, म्हणून हे सांगितले.

तेव्हा तोंड उघडेना, थुंकी गिळवेना, ताप भरला, सूज गळ्याकडे सरकली, तर सकाळची वाट पाहू नका. रात्रीच मोठ्या रुग्णालयात न्या, आणि नेताना आडवे न निजवता बसवून न्या. मधुमेह असेल तर अधिकच घाई करा.

डॉक्टर चीर देऊन पू काढतात. दाढ काढतात किंवा मुळापर्यंत साफ करून भरतात. ‘सुजेत दाढ काढू नये’ असे गावात म्हणतात, पण ते डॉक्टरांनाच ठरवू द्या. नुसत्या गोळ्यांनी भागत नाही. साचलेल्या पुवात औषध पुरेसे पोचत नाही. दुकानातून चार गोळ्या आणल्या, बरे वाटले, दाढ तशीच राहिली, की सूज पुन्हा हजर! गाल बाहेरून शेकू तर नयेच. पू कातडी फोडून बाहेर येतो आणि व्रण राहतो. नाकावरची किंवा वरच्या ओठावरची पुळीही पिळू नये. तेथल्या शिरा आत मेंदूजवळच्या शिरांना मिळतात.

आणि गुरुजी, वर्गात गालाला हात लावून बसलेले पोर दिसले, तर त्याच्या तोंडात जरा बॅटरी मारून पाहा. किडक्या दाढेपाशी हिरडीवर पुळी दिसली तर घरी निरोप धाडा. ‘दुधाची दाढ आहे, पडेलच,’ असे आईबाप म्हणतील. त्यांना सांगा, तिच्याच खाली पक्क्या दाताचा अंकुर असतो, आणि वरचा पू त्याला बाधतो.